पार्किन्सन्स, मेथिलेशन आणि स्त्री-पुरुष फरक: या चुका टाळा

पार्किन्सन्स (कंपवात) पुरुषांमध्ये स्त्रियांच्या साधारण दीडपट आढळतो. स्त्रियांमध्ये मात्र लेव्होडोपा या त्यावरच्या औषधामुळे होणाऱ्या अनैच्छिक हालचाली जास्त दिसतात. या फरकामागचं काही डीएनएवरच्या मेथिलेशनमध्ये (डीएनएला ठिकठिकाणी जोडलेल्या, जनुकं चालू-बंद ठेवायला हातभार लावणाऱ्या मिथाइल गटांच्या खुणांमध्ये) सापडेल, या आशेने पुण्यातले बायोइन्फर्मॅटिक्सचे विद्यार्थी हा विषय प्रबंधाला घेतात. विषय उत्तम आहे. पण तपासायला येणाऱ्या विश्लेषणांत चुका त्याच त्या असतात, आणि बहुतेक चुका संगणक सुरू होण्याआधीच झालेल्या असतात.

नवरा पेशंट, बायको कंट्रोल

पेशंटशी तुलना करायला निरोगी माणसं, म्हणजे कंट्रोल, लागतात. ओपीडीत पेशंटसोबत कोण येतं? बहुतेक वेळा बायको. नमुने गोळा करणाऱ्याला तीच समोर दिसते. वय जवळपासचं, घर एक, जेवण एक. संमतीपत्रावर सही घ्यायची आणि रक्त काढायचं. हे इतकं सोयीचं आहे की त्यातली खोट कोणाच्या लक्षातच येत नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका प्रयोगशाळेतली पीएचडीची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. "मॅडम, एक्स गुणसूत्रावर एवढा मोठा सिग्नल मिळालाय!" आलेखात एक्सच्या जागी खरोखरच मनोरा उभा होता. मी तिला फक्त नमुन्यांची यादी उघडायला सांगितली. पेशंट जवळजवळ सगळे पुरुष, कंट्रोल जवळजवळ सगळ्या त्यांच्या बायका. स्त्रीच्या पेशीत दोन एक्सपैकी एक बंद ठेवला जातो, हे मेरी लायन यांनी १९६१ साली मांडलं. त्या बंद एक्सवरच्या सीपीजी बेटांवर (जनुकांच्या सुरुवातीला असणाऱ्या, सी-जी जोड्या दाटीने असलेल्या पट्ट्यांवर) मेथिलेशन चढतं. म्हणून तिथे ० ते १ या पट्टीवर स्त्रीचं माप ०.५ च्या आसपास येतं आणि पुरुषाचं शून्याजवळ. मनोरा पार्किन्सन्सचा नव्हताच, तो लिंगाचा होता.

"मग संख्याशास्त्रीय मॉडेलमध्ये लिंग घालते," ती म्हणाली. सगळे हेच म्हणतात. पण पेशंटमध्ये स्त्रिया नाहीत आणि कंट्रोलमध्ये पुरुष नाहीत, तर आजाराचा परिणाम कुठे संपतो आणि लिंगाचा कुठे सुरू होतो हे मॉडेल कशावरून ठरवणार? तिला पुन्हा ओपीडीत जाऊन बसावं लागलं. पेशंटचे मेहुणे, शेजारी, मित्र यांना विनवावं लागलं (सख्खे भाऊ नकोत, त्यांची निम्मी जनुकं तीच असतात). त्याहून कठीण म्हणजे स्त्री पेशंट मिळवणं. आजींचा हात थरथरला तर "वयानं होतंय" म्हणून घरातच विषय संपतो, आणि हे मला फार खुपतं. ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्या आपल्या दारापर्यंत पोचतच नाहीत.

माझी सवय अशी: डेटाला हात लावण्याआधी चार घरांचा तक्ता हाताने कागदावर काढायचा. पुरुष पेशंट, स्त्री पेशंट, पुरुष कंट्रोल, स्त्री कंट्रोल. एखादं घर ओस दिसलं तर त्या डेटाला लिंगभेदाचा प्रश्न विचारायचा नाही.

"पुरुषांत सापडलं, स्त्रियांत नाही"

ही चूक छापील शोधनिबंधांतही सर्रास दिसते. दोन्ही गट वेगवेगळे तपासायचे, एकात पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आली, दुसऱ्यात नाही, की झाला "पुरुषांपुरता बदल". समजा, एका जागी पुरुष पेशंट आणि कंट्रोल यांच्या मेथिलेशनमध्ये ०.०३ चा फरक आहे, स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) ०.०१. पी व्हॅल्यू ०.००३. स्त्रियांत फरक ०.०२, पण त्यांची संख्या कमी असल्याने एरर ०.०१३, आणि पी ०.१२. आता या दोन फरकांमधला फरक काढा: ०.०१, एरर ०.०१६, पी ०.५ च्याही वर. स्त्रियांतही बदल त्याच दिशेने आहे, फक्त तो पकडायला स्त्रिया पुरेशा नव्हत्या. नेचर न्यूरोसायन्समध्ये २०११ साली आलेल्या एका पाहणीत अशी तुलना करणारे १५७ शोधनिबंध सापडले. त्यांतल्या ७९ मध्ये नेमकी हीच चूक होती.

उपाय एकच. आजार आणि लिंग यांची इंटरॅक्शन टर्म (आजाराचा परिणाम स्त्री-पुरुषांत वेगळा आहे का, हे थेट तपासणारं पद) मॉडेलमध्ये घाला आणि तिचीच पी व्हॅल्यू सांगा. नवशिक्यांना हे नको असतं, कारण यादी एकदम आटते. मुख्य परिणामाएवढाच मोठा इंटरॅक्शन पकडायलाही साधारण चौपट नमुने लागतात. तेवढे नसतील तर "फरक सिद्ध झाला नाही" असं लिहा. त्यात कमीपणा नाही.

बाकीच्या चुका

एक्स आणि वाय सरसकट काढून टाकू नका. कुठल्या तरी ट्युटोरियलमध्ये तशी ओळ असते आणि ती जशीच्या तशी उचलली जाते. मेथिलेशन मोजणाऱ्या नुसत्या ४५०के चिपवर एक्सचे ११ हजारांहून जास्त प्रोब (डीएनएवरची एकेक जागा मोजणारे तुकडे) आहेत. बंद एक्सवरचीही साधारण १५ टक्के जनुकं बंद होत नाहीत. लिंगभेद शोधायचा आणि तोच भाग फेकून द्यायचा, याला काय म्हणावं? एक्स स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळा तपासा.

उलट, इतर गुणसूत्रांवरचे काही प्रोब एक्स-वायलाही चिकटतात. त्यांच्या याद्या प्रसिद्ध आहेत, त्या आधी वगळा.

एक्स-वायच्या सिग्नलवरून प्रत्येक नमुन्याचं लिंग ओळखा आणि नोंदीशी ताडून बघा. अदलाबदल झालेली नळी इथेच सापडते.

सगळे पुरुष एका चिपवर आणि सगळ्या स्त्रिया दुसऱ्या चिपवर चढवू नका. एपिक या ४५०केनंतरच्या चिपवर ८ नमुने बसतात, त्यांत चारही घरं मिसळा.

रक्तातल्या पेशींचं प्रमाण आजाराप्रमाणे बदलतं आणि लिंगाप्रमाणेही. ते मॉडेलमध्ये धरलं नाही तर निष्कर्ष न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींबद्दलचा निघतो. मेंदूच्या ऊतीतही हेच. २०२२ साली पार्क७ आणि एनआर४ए२ या जनुकांजवळ लिंगानुसार वेगळे बदल दाखवणारं काम झालं, त्यात मेंदूच्या बाह्यपटलातले न्यूरॉन आधी वेगळे काढले होते. तेवढे कष्ट घ्यावेच लागतात.

"धूम्रपान: हो/नाही" हा प्रश्न आपल्याकडच्या स्त्रियांना विचारला की उत्तर बहुधा "नाही". म्हणून मिश्री, तंबाखू आणि चुलीचा धूर वेगवेगळा विचारा. एएचआरआर जनुकावरची मेथिलेशनची खूण सिगारेट-विडीचा धूर चांगला दाखवते, पण मिश्री तिच्यात दिसेल असं धरू नका.

शेवटी औषध आणि आहार, आणि पुण्यात काम करणाऱ्यांनी इथे थांबायलाच हवं. कॉम्ट हे एन्झाइम लेव्होडोपाला मिथाइल गट जोडतं. तो गट येतो एस-अडेनोसिल-मेथिओनिनमधून, म्हणजे डीएनए मेथिलेशनला लागतो त्याच साठ्यातून, आणि मागे होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल रक्तात वाढतं. ते उतरवायला बी१२ जीवनसत्त्व लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश जणांत बी१२ कमी निघालं. युरोपातल्या निबंधातून उचललेल्या घटकांच्या यादीत हे नसतं. शिवाय त्याच डोसने स्त्रियांच्या रक्तात लेव्होडोपाची पातळी जास्त चढते, त्यामुळे "औषध: हो/नाही" एवढी नोंद पुरत नाही. रोजचा डोस, वजन आणि किती वर्षं चालू आहे ते लिहून घ्या. बी१२ आणि होमोसिस्टीन दोन्ही मोजा. होमोसिस्टीनची नळी रक्त काढल्याबरोबर बर्फात ठेवून लवकर सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर लाल पेशी ते सोडत राहतात आणि आकडा खोटाच फुगतो.