युद्ध आणि दहशतवादाचे मानसशास्त्र: बेलफास्टचा अभ्यासदौरा कसा आखावा

'दहशतवादी' हा शब्द विद्यार्थी वर्गात इतक्या सहज वापरतात की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. त्यावर उपाय म्हणून मला उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टचा अभ्यासदौरा सर्वांत योग्य वाटतो, कारण साडेतीन हजारांहून अधिक बळी घेतलेल्या आणि 1998 च्या गुड फ्रायडे कराराने बराचसा शमलेल्या, आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे कॅथलिक आणि ब्रिटनसोबतच राहू इच्छिणारे प्रोटेस्टंट यांच्या संघर्षातील माणसे आजही तिथे भेटतात आणि बोलतात.

निघण्यापूर्वी मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांचे प्रयोग समजावून द्यावेत. कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडतात एवढ्याच सबबीवर शाळकरी मुलांचे दोन गट पाडले, तरी ती आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. प्रत्येक विद्यार्थ्याशी एकांतात बोलणेही आवश्यक आहे. मुंबईच्या वर्गात 1993 च्या बॉम्बस्फोटांची किंवा 26/11 ची झळ घरापर्यंत पोहोचलेले कुणी असू शकते. त्याला कारण न विचारता एखादी भेट टाळण्याची मुभा द्यावी.

मुख्य दिवस कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंटांचा शँकिल रोड या लगतच्या वस्त्यांसाठी राखावा. मध्ये 'पीस वॉल' नावाची उंच भिंत आहे आणि दोन्ही बाजूंना माजी कैदी वस्ती फिरवून दाखवतात. दोघांचेही म्हणणे एकाच दिवशी ऐकवावे, हा माझा आग्रह आहे. सकाळी फॉल्स रोडवर बॉबी सँड्सचे हसरे भित्तिचित्र दिसते; तो आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा सदस्य होता. 1981 मध्ये 66 दिवसांच्या उपोषणानंतर तो तुरुंगात मरण पावला, आणि उपोषण म्हटले की आपल्या मुलांचे मन लगेच त्या बाजूला झुकते. दुपारी शँकिल रोडवर 23 ऑक्टोबर 1993 ची हकिगत ऐकायला मिळते: आयआरएने मासळीच्या दुकानात बॉम्ब नेला आणि नऊ निरपराध माणसे मेली, त्यांत दोन लहान मुली होत्या. लॉयलिस्ट (ब्रिटननिष्ठ) सशस्त्र गटांनी कॅथलिकांच्या केलेल्या हत्यांचा विषय मात्र विद्यार्थ्यांना तिथे स्वतःहून काढावा लागेल. दुपारच्या जेवणाआधी आणि संध्याकाळी, असे दोनदा प्रत्येकाकडून लिहून घ्यावे: कोणाचे म्हणणे पटले, नेमक्या कोणत्या वाक्याने पटले आणि सांगणाऱ्याने काय गाळले? दोन्ही कागद शेजारी ठेवले की आपली सहानुभूती काही तासांत कशी सरकली, हे ज्याचे त्याला दिसते.

पीडितांच्या भेटी त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेमार्फतच ठरवाव्यात, प्रश्न आधी कळवावेत आणि ध्वनिमुद्रण करू नये.

काही भिंतींमधली फाटके आजही रात्री बंद होतात. ती बंद होताना विद्यार्थ्यांना तिथे उभे करावे आणि त्या वेळी शिक्षकाने काहीही समजावून सांगू नये.