झाडीपट्टीतून जाताना काय न्यावे आणि ते कसे पारखावे

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळी उलटली की पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कोणी ताडोबाचा वाघ पाहायला येतो, कोणी लग्नकार्यासाठी, तर कोणी वर्षा-दोन वर्षांनी परदेशातून आपल्या घरी. आणि परतण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, की इथली म्हणता येईल अशी कोणती वस्तू सोबत न्यावी. घाईघाईत या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दिसेल त्या दुकानात शोधले जाते आणि यंत्रमागावरची पॉलिस्टरची साडी ‘भंडाऱ्याचा कोसा’ म्हणून बॅगेत जाते. माझ्या मावसबहिणीने अशीच एक साडी सासूबाईंसाठी हौसेने नेली होती आणि ती पहिल्याच इस्त्रीला आक्रसली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी खरेदीसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवायला सांगते.

वेळ कमी असेल आणि एकच वस्तू घ्यायची असेल, तर ती करवतकाठी साडी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव आणि पवनी या भागात कोष्टी समाजातील विणकर आजही हातमागावर ही साडी विणतात. तिचे अंग तसरचे, म्हणजे आपल्या भाषेत कोशाचे असते. हा कोसा तुतीवरच्या किड्याचा नसून ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचा असतो. गडचिरोली आणि भंडारा जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या अळ्या झाडांवर सोडून, पाखरांपासून राखून हे कोष पिकवत आली आहेत. त्यामुळे न रंगवलेल्या कोशाचा रंग पांढरा नसतो, तो मधासारखा किंवा धुरकट सोनेरी असतो आणि त्याची चमकही मंद असते. झगझगीत चकाकणारे कापड कोणी नैसर्गिक कोसा म्हणून दाखवत असेल, तर तिथेच थांबून चौकशी करावी.

साडीचे नाव तिच्या काठावरून पडले आहे. काठ जिथे अंगाला मिळतो तिथे करवतीच्या दात्यांसारखी रांग दिसते आणि ती रांग छापलेली किंवा भरलेली नसते, ती विणतानाच तयार होते. विणकर एका वेळी तीन धोटे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी साधने, चालवतो: एक मधल्या अंगासाठी आणि दोन दोन्ही बाजूंच्या काठांसाठी. अंगाचा आडवा धागा काठात शिरत नाही. दात्याच्या रेषेवर तो काठाच्या धाग्यात अडकवून परत फिरवला जातो. खरी साडी ओळखण्याची सगळ्यांत भरवशाची खूण याच कामात दडलेली आहे. काठाचा उभा आणि आडवा असे दोन्ही धागे एकाच रंगाचे असल्याने खऱ्या करवतीचा काठ एकजीव, गडद दिसतो. नकलेत अंगाचाच आडवा धागा काठातून सरळ पुढे गेलेला असतो, म्हणून उन्हात धरल्यावर काठाचा रंग मिसळलेला, फिकट भासतो. साडी उलटी करून दात्यांच्या रेषेवरून बोट फिरवावे. खऱ्या साडीत तिथे धाग्यांची गुंफण बोटाला जाणवते, तर नकलेत दाते छापलेले तरी असतात किंवा त्यांच्यामागे कापलेल्या धाग्यांची लव उरलेली असते. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, परंतु दुकानाच्या पाटीवर ते लिहिलेले असणे हा समोरच्या साडीचा पुरावा होत नाही. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी ‘हॅण्डलूम मार्क’ यांची पट्टी त्या विशिष्ट साडीला जोडलेली आहे का, ते पाहावे.

शंका राहिलीच, तर पदराच्या दशांमधला एखादा धागा मागून घ्यावा आणि तो बाहेर नेऊन जाळून पाहावा. खरे रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ते विझते आणि मागे चुरगळणारी काळी राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो, तर सुती किंवा व्हिस्कोस धागा कागदासारखा भराभर जळतो. ही परीक्षा उभ्या आणि आडव्या धाग्यांची वेगवेगळी करावी, कारण पुष्कळ साड्यांत आडवा धागा हाताने काढलेल्या कोशाचा, पण ताणा, म्हणजे उभा धागा, यंत्रावर काढलेल्या दुसऱ्या रेशमाचा असतो. त्यात फसवणूक आहे असे नाही; ताण सोसण्यासाठी विणकर तसे करतात आणि विचारल्यावर सांगतातही. मात्र किंमत ठरवताना हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

विणकराच्या घरी जायचे असल्यास ओळखीच्या कोणाकडून आधी निरोप द्यावा आणि शक्यतो सकाळी जावे, कारण तेव्हा माग चालू असतो आणि उजेडही चांगला असतो. “काकाजी, थोडा माग बघू का?” असे विचारल्यावर नाही म्हणणारा विणकर मला अजून भेटलेला नाही. फोटो काढण्यापूर्वी मात्र घरातल्या बायाबापड्यांना विचारावे. हवा तो रंग तयार नसेल तर मागणी नोंदवून आगाऊ रक्कम द्यावी आणि साडी नंतर मागवून घ्यावी. भावाबद्दल एवढेच सांगते, की एका साडीमागे सूत काढणारी बाई, रंगारी, ताणा भरणारे आणि विणणारा अशा अनेकांचे कित्येक दिवस गेलेले असतात. व्यापाऱ्याकडे जरूर घासाघीस करावी, पण मागावर बसलेल्या माणसाकडून निम्म्या भावात साडी मागू नये.

दुसरी वस्तू बांबूची. सूप, टोपली, परडी, डालं हे बुरडांचे काम आठवडी बाजारात सहज मिळते आणि माझ्या मते शोभेच्या वस्तूंपेक्षा रोजच्या वापराच्या या वस्तूंतच खरी कारागिरी दिसते. दिवे, दागिने, फर्निचर असे नव्या धाटणीचे काम हवे असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मेळघाटात धारणी तालुक्यातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र आहे. बांबूचा खरा शत्रू भुंगा. बांबूतल्या पिष्टावर तो जगतो, म्हणून कोवळा किंवा अवेळी तोडलेला बांबू लवकर पोखरला जातो. वस्तू उलटी करून पांढऱ्या कागदावर ठोकावी; पिठासारखी बारीक भुकटी पडली किंवा टाचणीएवढी छिद्रे दिसली तर ती घेऊ नये, मग तिच्यावर कितीही सुंदर व्हार्निश असो. बांबू किती वर्षांचा होता, तो पाण्यात मुरवला होता का, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केली होती का, हे विचारावे. तीन वर्षांहून जुना, पावसाळा संपल्यावर तोडलेला बांबू टिकतो. काठावरून तळहात फिरवून कामटीचे कूस टोचत नाही ना, तेही पाहावे.

अंगावर घालायचे साधे कापड हवे असणाऱ्यांनी वर्ध्याला जावे. महात्मा गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी सुरू झालेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची जुनी अवजारे पाहता येतात आणि नैसर्गिक रंगांनी रंगवलेली खादीही विकत मिळते. सेवाग्राम आश्रम तिथून जवळच आहे. नैसर्गिक रंगाच्या कापडात एका ठाणापासून दुसऱ्या ठाणापर्यंत छटा थोडी बदलते, म्हणून कुर्ता आणि ओढणी एकत्रच निवडावी. वरोऱ्याच्या आनंदवनातही तिथल्या रहिवाशांनी केलेले हातमागाचे आणि हस्तकलेचे काम मिळते. चंद्रपूर-नागपूर रस्त्यावरून जाणाऱ्याने तिथे अवश्य थांबावे.

जंगलाच्या प्रवेशद्वारांजवळ ढोकरा पद्धतीच्या पितळी मूर्ती स्थानिक म्हणून मांडलेल्या दिसतात. मेणाच्या साच्यातून ओतलेले हे काम पुष्कळदा शेजारच्या बस्तरमधून आलेले असते. ते सुंदर आहे आणि जरूर घ्यावे, फक्त बस्तरचे म्हणून घ्यावे. वाघनख, हरणाचे शिंग, कातडे यांपैकी काहीही कोणी हळूच पुढे केले तर हातही लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशी खरेदी हा गुन्हा आहे आणि जमिनीवर पडलेले, गळलेले शिंगही त्यातून सुटत नाही.

खाण्याच्या वस्तूंत भिवापूरची मिरची, वायगावची हळद आणि भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. हळद शक्यतो अख्खी घ्यावी, कारण दळलेल्या हळदीची पारख नजरेने होत नाही.

नेताना साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. जुन्या सुती कापडात सैल गुंडाळावी आणि घरी गेल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घालावी, नाहीतर घडीवरच धागा तुटतो. डांबराच्या गोळ्या थेट रेशमावर ठेवू नयेत. बांबूची वस्तू निघण्याआधी एक-दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी ती विमानतळावर न चुकता जाहीर करावी, कारण तिथे लाकूड आणि बांबूची कसून तपासणी होते आणि छिद्र पडलेली टोपली ते आत नेऊ देत नाहीत.