स्पेक्ट्रमवर ३२ ऐवजी ६४ अक्षरं: माझा अनुभव

जुन्या बाजारात अजून कधीतरी झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती संगणक सापडतो. आपल्याकडे तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने यायचा. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, अक्षर ८ ठिपके रुंद, म्हणून ओळीत ३२च. अक्षर ४ ठिपक्यांचं केलं की ६४ बसतात.

अडचण अशी आली: दुसरं अक्षर छापलं की शेजारचं पहिलं गायब! कारण एका बाइटमध्ये (पडद्यावरचे सलग ८ ठिपके) आता दोन अक्षरं असतात आणि मी अख्खा बाइट लिहीत होतो. उपाय मास्कचा, म्हणजे बाइटमधले कोणते ठिपके बदलायचे ते सांगणाऱ्या आकड्याचा. रकाने ० पासून मोजले तर सम रकान्याला २४० (डावे चार ठिपके), विषम रकान्याला १५ (उजवे चार). फाँटमध्ये प्रत्येक अक्षराचा साचा बाइटच्या दोन्ही अर्ध्यांत तोच ठेवायचा, म्हणजे सरकवासरकवीत वेळ जात नाही. ९६ अक्षरांना ७६८ बाइट पुरतात. मग फाँटचा बाइट घ्या, पडद्याच्या बाइटशी एक्सॉर (बिट वेगळे असतील तिथे १), मास्कशी अँड (दोन्ही १ असतील तिथेच १), पुन्हा पडद्याशी एक्सॉर, आणि लिहा. अक्षराच्या पुढच्या ठिपकेओळीसाठी फक्त आयएनसी एच, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याचा वरचा बाइट एकने वाढवणारी प्रोसेसरची आज्ञा. पडद्याची विचित्र रचना (अक्षराच्या लागोपाठच्या ठिपकेओळी मेमरीत २५६ बाइट अंतरावर) इथे चक्क उपयोगी पडते.

अक्षराला रुंदीत ३ ठिपके, चौथा मोकळा. इंग्रजी 'एम' आणि 'डब्ल्यू' ३ ठिपक्यांत ओळखू येत नाहीत, त्यांना चौथाही द्या, शेजाऱ्याला चिकटले तरी चालेल. रंग मात्र ८ बाय ८ चौकटीलाच लागतो, त्यामुळे जोडीचा रंग एकच. टीव्हीच्या अँटेना जोडणीवर हे सगळं धूसर दिसतं. कॉम्पोझिट (अँटेनाऐवजी थेट व्हिडिओची जोडणी) घ्या, नाहीतर ६ ठिपक्यांचं अक्षर करून ४२ वर थांबा.