बीप ऐका, एस दाबा: न बघता डेबियन कसं टाकायचं

आपल्यासारख्या न दिसणाऱ्यांनी विंडोजऐवजी किंवा विंडोजशेजारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "शेजारी कोणी डोळस आहे ना?" बायॉसपुरतं (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जपुरतं) असेल तर चांगलंच. त्यानंतर मात्र त्याला चहा करायला पाठवा. नाही तर माउस त्याच्या हातात जातो आणि डिस्कचं काय झालं ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी लिनक्सच्या प्रकारांपैकी डेबियनच टाकायला लावते. उबुंटू या दुसऱ्या प्रकारातही ओर्का हा स्क्रीन रीडर आहे, ऑल्ट-सुपर-एस दाबलं की बोलतो. पण तिथे फोकस कुठे गेला हे हुडकत बसावं लागतं. डेबियनचं बोलकं इन्स्टॉलेशन म्हणजे नुसती प्रश्नोत्तरं. पर्याय आकड्यांसकट वाचले जातात, आपण आकडा टाइप करून एंटर मारायचा.

विंडोजमध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बोलतोय तोवर बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की ब्रेलमध्ये उतरवून ठेवा. विंडोज राखायचं असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्ह आकसून जागा मोकळी करा. मग डेबियनची नेटइन्स्ट आयएसओ (छोटी इन्स्टॉलर फाइल, बाकीचं ती नेटवरून घेते) रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवा. आयएसओ की डीडी असं विचारलं तर डीडी. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाणार, हे गृहीत धरा.

एक छोटी खरेदी मात्र टाळू नका: यूएसबी साउंड कार्ड. नव्या लॅपटॉपमधल्या साउंड चिपला बरेचदा वेगळं फर्मवेअर (चिप चालवणारा छोटा प्रोग्राम) लागतं. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते मूळ आयएसओत असतं खरं, पण सुरुवातीलाच आवाज येईल याची खात्री नाही. यूएसबीवालं सहसा लगेच बोलतं.

आता शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि "यूज अ डिव्हाइस"मधून पेनड्राइव्ह निवडा. तिथे कंट्रोल-विंडोज-एंटरने नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर सुरू करून बघा. गप्प राहिला तर मोबाइलवर लुकआउट किंवा बी माय आइज हे समोरचं सांगणारं ॲप उघडून कॅमेरा स्क्रीनसमोर धरा. बायॉसमधलं सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

डेबियनचा मेन्यू आला की बीप वाजते. जुन्या बायॉसवर एक, त्याच्या नव्या अवतारावर म्हणजे यूईएफआयवर दोन. ती ऐकली की एस आणि एंटर दाबा. काही लॅपटॉपवर वाजतच नाही, तेव्हा थोडं थांबून तेच करा. साउंड कार्डं एकाहून जास्त असतील तर एकेक कार्ड आळीपाळीने बोलून एंटर मागतं. ज्याचा आवाज कानावर आला, त्याच वेळी एंटर. बोलणं रटाळ वाटलं तर कॅप्स लॉक-६ ने वेग वाढतो, कॅप्स लॉक-२ ने आवाज. मागच्या प्रश्नावर जायचं असेल तर लेस-दॅनचं चिन्ह < टाइप करून एंटर.

भाषा इंग्रजीच ठेवा, म्हणजे कुठे अडलं तर एररचा मजकूर जसाच्या तसा शोधता येतो. वायफायचा पासवर्ड लांबलचक असेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला द्या), ते काम सोपं. रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडला की सुडोचा, म्हणजे गरजेपुरतं प्रशासकाचं काम करायचा, अधिकार आपल्या खात्याला मिळतो.

डिस्कपाशी आलात की घाई बंद. यादीत पेनड्राइव्हही असू शकतो, म्हणून नावापेक्षा जीबीचा आकडा ऐका. "एन्टायर डिस्क" म्हणजे विंडोज गेलं. ते हवं असेल तर "लार्जेस्ट कंटिन्युअस फ्री स्पेस" निवडा. शेवटी बदल डिस्कवर लिहू का, असं विचारतात. तिथे आपोआप निवडलेलं उत्तर "नो" असतं, त्यामुळे चुकून एंटर पडला तरी काही बिघडत नाही. विभागांची यादी पुन्हा ऐका, मगच "येस"चा आकडा द्या.

डेस्कटॉपच्या पर्यायांत माटे घ्या. मेन्यू साधे, ओर्काशी चांगलं जमतं. बोलक्या पद्धतीने टाकलं की ओर्का स्वतःच सुरू व्हायला हवा. नाही झाला तर लॉगिन करून ऑल्ट-एफ २, orca ही चार अक्षरं, एंटर.

इन्सर्ट-स्पेसने ओर्काच्या सेटिंग्ज उघडतात, तिथे ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी आवाज निवडता येतो. टायपिंगला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड जोडून घ्या. ईस्पीकचा आवाज अगदीच यंत्रासारखा आहे, सुरुवातीला डोकं उठतं. वेग कमी करू नका, उलट थोडा वाढवा. हळू लावला की तो जास्तच रडका वाटतो.