कार्बन रिपोर्टिंगची नोकरी: लाईट बिलं, डिझेलचं रजिस्टर आणि मी

एम.एस्सी. एन्व्हायर्नमेंट झाल्यावर डोक्यात होतं की आता मुळा-मुठेसाठी काहीतरी करायचं, आणि नोकरी लागली चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर लाईट बिलांच्या तीन बॉक्स फायली आणून ठेवल्या आणि म्हणाले, "यावर्षी सीडीपी भरायचंय, तू बघ." सीडीपी म्हणजे काय ते मी वॉशरूममध्ये जाऊन मोबाईलवर शोधलं, खोटं कशाला बोलू.

हल्ली ज्युनियर मुलं-मुली विचारतात की कार्बन रिपोर्टिंगमध्ये, म्हणजे कंपनी हवेत किती कार्बन सोडते ते मोजून कळवायच्या कामात, यायचं तर काय करायचं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

तर सीडीपी ही २००० साली लंडनमध्ये सुरू झालेली संस्था, आधी नाव होतं कार्बन डिस्क्लोजर प्रोजेक्ट. मोठे गुंतवणूकदार हिच्यामार्फत कंपन्यांना विचारतात की तुमचा धूर किती, कमी करायला काय करताय, आणि उद्या हवामानामुळे धंद्याला फटका बसला तर तयारी काय. सरकारी कायदा नाहीये हा, मनात असेल तर भरा. पण भरलंत तर ए ते डी अशी ग्रेड मिळते, आणि विचारूनही काहीच दिलं नाही तर एफ, त्यामुळे 'ऐच्छिक' हा शब्द जरा जपूनच घ्या. सेबीचं बीआरएसआर (शेअर बाजाराच्या नियामकासाठीचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल) वेगळं, ते पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचं आहे. आमची कंपनी लिस्टेड होती पण हजारात नव्हती. एका परदेशी फंडाने विचारलं आणि मालकांना नाही म्हणवेना, एवढीच आमची पर्यावरणाची तळमळ.

मोजायचं कसं याचं बायबल म्हणजे जीएचजी प्रोटोकॉलचं (हरितगृह वायू मोजायची जगभर वापरली जाणारी पद्धत) कॉर्पोरेट स्टँडर्ड, २००४ ची सुधारित आवृत्ती, नेटवर फुकट मिळते. स्कोप १ म्हणजे आपण स्वतः जाळलं ते (जनरेटर, फोर्कलिफ्ट, भट्टी, एसीतून गळलेला गॅस), स्कोप २ विकत घेतलेली वीज, आणि स्कोप ३ म्हणजे बाकी सगळं जग, त्याच्या १५ कॅटेगरी. व्याख्या एका संध्याकाळी पाठ होतात, पण आकडा कुठून आणायचा हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

डिझेलचंच बघा. एक लिटर जळलं की साधारण २.७ किलो सीओटू, गुणाकार पाचवीतला. पण लिटर किती? स्टोअरचं रजिस्टर एक सांगतं, अकाउंट्सची खरेदी दुसरं, आणि जनरेटरचं लॉगबुक तिसरंच. मेंटेनन्सच्या काकांकडे गेले तर म्हणाले, "मॅडम, त्याच बॅरलमधनं कंत्राटदाराच्या जेसीबीलाबी दिलंय की दोनदा, ते लिवलंय मागच्या पानावर." मागच्या पानावर खरंच होतं, पेन्सिलने, चहाच्या डागाच्या शेजारी. मला वाटतं त्या दिवशी मला ही नोकरी कळली.

एसीच्या गॅसचं त्याहून वाईट. व्हेंडरच्या स्लिपवर नुसतं 'गॅस चार्जिंग डन'. किती किलो, कुठला गॅस, काही नाही. आता आर-४१०ए हा गॅस हवेत गेला तर पृथ्वी तापवण्यात सीओटूच्या १९००पट वगैरे धरतात, म्हणजे दहा किलो गळाला तर १९ टन, तेवढ्यासाठी ७००० लिटर डिझेल जाळावं लागेल. एका स्लिपवर न लिहिलेला आकडा! आणि गंमत म्हणजे जुन्या एसीतला आर-२२ निघाला तर तो तीन स्कोपच्या बाहेर, वेगळा दाखवायचा, कारण तो ओझोन वाचवायच्या माँट्रियल कराराखालचा गॅस. इंटरव्ह्यूत हे सांगितलंत तर समोरचा मान वर करून बघतो, स्वानुभव.

आता माझी चूक सांगते. महावितरणच्या एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीच्या, बिलावर केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज) आणि केव्हीएएच (ग्रिडमधून ओढलेली एकूण, थोडा मोठा आकडा) असे दोन्ही आकडे असतात. २०२० पासून एचटीवाल्यांचं बिल केव्हीएएचवर लागतं, म्हणून 'बिल्ड युनिट' म्हणून तोच आकडा ठळक दिसतो, आणि मी तीन प्लांटची बारा महिन्यांची छत्तीस बिलं बघून तोच आकडा एक्सेलमध्ये उतरवला. सीओटूसाठी लागतो केडब्ल्यूएच. सीईएचा (केंद्रीय वीज प्राधिकरणाचा) ग्रिड फॅक्टर, म्हणजे एक युनिट विजेमागे किती सीओटू, त्यावरच असतो, ०.७ किलोच्या आसपास. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात आलं नाही आणि आकडा गेला. दुसऱ्या वर्षी आकडे तपासणारे बाहेरचे व्हेरिफायर आले, त्यांनी ढिगातनं एकच बिल उचललं, जूनचं, बोट ठेवलं आणि विचारलं, "हा आकडा का घेतला?" मी गप्प. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर, चांगला होता म्हणून बरं, फरक तीन-चार टक्क्यांचाच निघाला.

आता मजा बघा, चूक आमच्याच विरुद्ध होती, आम्ही जास्त धूर दाखवला होता. यावर्षी बरोबर आकडा टाकला की आपोआप तीन-चार टक्के घट दिसणार, काहीही न करता. मीटिंगमध्ये एक जण म्हणालेच, "ऐच्छिकच आहे, राहू दे की, कोण मागचं उकरतंय." खरं सांगू, मलाही क्षणभर बरं वाटलं. पण फंडवाले टक्केच बघतात, आणि ते टक्के खोटे होते. शेवटी फायनान्सच्या साहेबांनी निकाल दिला की बॅलन्सशीटमध्ये असं केलं असतं का? मग मागचं वर्ष दुरुस्त करून, कारण लिहून दिलं. ती चार ओळींची टीप मी अकरा वेळा लिहिली.

इंटरव्ह्यूत हमखास येणारा एक प्रश्न सांगून ठेवते. कामगारांना आणणारी कंपनीची बस, पण गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे, तर कुठला स्कोप? पटकन स्कोप १ म्हणू नका, आधी विचारा की बाउंड्री, म्हणजे हिशोबाची हद्द, कशी धरलीय. ऑपरेशनल कंट्रोल (चालवणं ज्याच्या हातात, धूर त्याचा) धरला असेल आणि बस कंत्राटदारच चालवत असेल तर ती स्कोप ३, कॅटेगरी ७ (कर्मचाऱ्यांचं येणं-जाणं). चाकण, रांजणगावला सकाळी अशा बसेसची रांग लागते, म्हणून पुण्यात हा प्रश्न आवडता आहे.

कोर्सचं म्हणाल तर महागडे सर्टिफिकेट आधी घेऊ नका. स्टँडर्ड वाचा, स्कोप २ चा २०१५ चा गाईडन्स वाचा (सोलर घेणाऱ्या कंपन्यांना दोन पद्धतीने आकडे द्यावे लागतात, लोकेशन म्हणजे ग्रिडच्या सरासरीने आणि मार्केट म्हणजे ज्या विजेचा करार केला तिच्या आकड्याने, तिथे सगळे अडखळतात), कुठल्याही लिस्टेड कंपनीचा बीआरएसआर डाउनलोड करून प्रिन्सिपल ६ (पर्यावरणाचा भाग) बघा. एक्सेल पक्कं पाहिजे. बीकॉमवाली मुलं यात आमच्यापेक्षा पुढे जातात, कारण त्यांना व्हाउचर मागायची लाज वाटत नाही. मराठी नीट बोलता येणं हेसुद्धा स्किल आहे बरं का, गेटवरच्या सिक्युरिटीकडचं टँकरचं रजिस्टर इंग्लिशमध्ये मागून मिळत नाही.

आणि प्रॅक्टिस हवी तर आपल्याच सोसायटीचं करा. लिफ्ट-पंपाचं बिल, जनरेटरचं डिझेल, क्लब हाऊसचा एसी, बाउंड्री तुम्हीच ठरवा. मी आमच्या कोथरूडच्या सोसायटीचं करायला घेतलं दिवाळीत. बिलं अकरा महिन्यांचीच मिळाली, बारावं सेक्रेटरी काका म्हणतात "अगं इथेच होतं", आणि डिझेलच्या पावत्यांचा विषय काढला की ते चहा घेणार का विचारतात.