डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना गाडी घरीच ठेवा

आईला मधुमेह, वडिलांना काचबिंदू. त्यामुळे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या वर्षाला चार-पाच खेपा ठरलेल्या. जुना चष्मा, आधीचे केसपेपर आणि चालू औषधांची चिठ्ठी पिशवीत टाका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या दिवशी चष्मा लावून जा.

आधी तक्ता वाचायला लावतात, मशीनवर नंबर काढतात, मग डोळ्यावर हवेचा फुंकारा मारून आतलं प्रेशर मोजतात. यात दुखत काही नाही. फक्त तक्ता वाचताना डोळे बारीक करून अक्षरं ओळखू नका. दिसत नसेल तर "दिसत नाही" म्हणा. नाहीतर नंबर चुकीचा निघतो.

खरा प्रश्न येतो तो बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा. "थेंब नको म्हणा, उगीच वेळ जातो" हा सल्ला मी दवाखान्याच्या बाकावरच कितीदा ऐकलाय, आणि दर वेळी मला राग येतो. बाहुली लहान असली की डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) जेमतेम मधला तेवढाच दिसतो. मधुमेहाने पडद्यावर रक्त झिरपायला लागतं, तेव्हा पेशंटला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, तक्तासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायलाच हवा. चष्म्याच्या दुकानातलं कॉम्प्युटरवरचं नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे.

थेंब चुरचुरतात. ते दोन-तीनदा घालतात, बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं जातात, मधुमेहींना जास्तच. मग जवळचं धूसर होतं आणि उजेड सोसत नाही. हे चार ते सहा तास टिकतं. पहिल्यांदा माझी स्वतःची तपासणी झाली, तेव्हा रंकाळ्याजवळच्या घरी जायला कितीसा वेळ लागतो म्हणून मी भर दुपारी स्कूटर काढली. बिंदू चौकात समोरची केएमटी बस मला दिसलीच नाही, दिसला नुसता पांढरा झोत. ब्रेक लागला, वाचले. घरी पोचल्यावरही हात थरथरत होते. गॉगल लावला की गाडी चालवता येते, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. रिक्षाने जा, सोबत माणूस न्या. गॉगल हवाच, पण तो रिक्षात बसून लावायला.

पूर्वी थेंबांचा त्रास झाला असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर थेंब घालायच्या आधी सांगा. घरी आल्यावर डोळा ठणकू लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलट्या झाल्या, तर सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.

लहान मुलांना कधीकधी जास्त ताकदीचं औषध देतात. मुलं डोळ्याला ताण देऊन खरा नंबर लपवतात, तो ताण या औषधाने सुटतो. पण त्याचा अंमल आठवडा-दोन आठवडे राहू शकतो, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर तपासणी ठेवू नका.

शेवटी डॉक्टर दिव्याच्या मशीनवर हनुवटी टेकवायला लावून पडदा बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पडद्यावर काय दिसलं आणि पुन्हा कधी यायचं, हे विचारल्याशिवाय उठू नका. औषध कोणतं, कोणत्या डोळ्यात, दिवसातून किती वेळा, हे सोबतच्या माणसाला तिथेच लिहून घ्यायला सांगा. ती चिठ्ठी तुम्हाला संध्याकाळपर्यंत वाचता येणार नाही.