राउटरवर वेगमर्यादा आणि अग्रक्रम कसा ठरवावा
बडोद्यात दांडिया बाजारातील एखाद्या छोट्या कार्यालयात ५० एमबीपीएसची जोडणी असूनही, कुणी मोठी फाइल अपलोड करू लागताच इंटरनेटवरचे बोलणे तुटते, कारण पॅकेटांची (माहितीच्या लहान तुकड्यांची) रांग मोडेममध्ये साचते आणि तिच्यावर राउटरचा ताबा नसतो. म्हणून केबलने संगणक जोडून अपलोड व डाउनलोड या दोन्ही दिशांचा वेग मोजावा व राउटरमध्ये त्याच्या सुमारे ९० टक्के मर्यादा घालावी. विकतचा वेग सोडणे मनाला खटकते खरे, पण रांग आपल्या हाती येते. मग आवाजाच्या पॅकेटांना डीएससीपी ४६ (पॅकेटचा अग्रक्रम सांगणारा आकडा) ही खूण देऊन सर्वांत वरचा अग्रक्रम द्यावा. जी.७११ या आवाज अंकांत बदलण्याच्या पद्धतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने १०० केबीपीएसही लागत नाहीत. बॅकअपला खालचा अग्रक्रम पुरतो. अखेरीस अपलोड चालू ठेवून पिंग (पॅकेट जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ) पाहावा. तो फार वाढल्यास मर्यादा आणखी थोडी उतरवावी.